न बोलायची खुर्ची

जयंती धुमाळला गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी तिच्या तोंडावर म्हणत आलेय आणि ती त्यावर खूश होत आलीय. आमच्या बिल्डिंगमध्ये ती चौथ्या मजल्यावर, मी पाचव्या. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी जपानी आजीबाईंची सून कशी वागते, याची चौकशी ती खाली पोचेपर्यंत उरकते. तिचं जपानी व्याकरण पदोपदी अडखळतं, पण ती नाही अडखळत. अशा बाईनं आमच्या शहराचं शिक्षण मंडळ आपल्या बाजूनं वळवलं, आणि ते कुठे बसून? तर जिथे तोंड उघडायला सक्त मनाई आहे, अशा खुर्चीत! मी स्वतः बाजूच्या खुर्चीत होते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

मी चारुता. ओसाकातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको. आमच्या शहराचं नाव मात्र सांगणार नाही. ओसाकाहून खासगी रेल्वेनं यायचं, एक्स्प्रेस न थांबणाऱ्या स्टेशनावर उतरायचं, एवढं पुरे. इथे शाळांना कौतुकाची नावं ठेवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पहिली शाळा, दुसरी शाळा, तिसरी शाळा. आमच्या भागातली मुलं तिसऱ्या शाळेत जातात.

जयंती मूळची साताऱ्याची, लग्नानंतर पुण्यात. नवऱ्याची, राजीवची, ओसाकाला पोस्टिंग झाली आणि दुसरीतली नुपूर आणि बावीस-तेवीस किलोच्या चार बॅगा घेऊन ती आली. वर्षभरात तिनं जवळच्या वृद्धाश्रमात काम धरलं. सकाळी म्हाताऱ्यांना जेवू घालायचं, त्यांचे केस विंचरायचे, त्यांच्याशी गप्पा मारायच्या. गप्पा मारायचा पगार मिळतो म्हटल्यावर तिला स्वर्ग दोन बोटं उरला.

आणि पोरगी? पोरगी शाळेत एक अक्षर बोलेना.

घरात नुपूर आईची लेक शोभते. मराठीतून अखंड चिवचिवाट, आजीशी व्हिडिओ कॉलवर भांडणं, मला "चारुतामावशी, तू भात करपवलास ना? वास खालपर्यंत आलाय" असे टोमणे. पण शाळेचं दार ओलांडलं की तोंडाला कुलूप. हजेरीला हात वर करायची, बोलायची नाही. वर्गातली मुलं वाईट नव्हती हो, उलट फारच चांगली होती. ती तिच्या वाटचंही बोलून टाकायची. "नुपूर-चानला पाणी हवंय." "नुपूर-चानला कळलं नाहीये." त्यामुळे तिला बोलायची गरजच उरली नाही. जयंती मला म्हणायची, "चारुता, मी दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना बोलतं करते गं, आणि माझीच पोर..." पुढे तिला बोलवायचं नाही. जयंतीला बोलवत नाही म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल.

तिसऱ्या शाळेत तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या शेजारी, परदेशी मुलांना जपानी शिकवायची एक खोली आहे. मुलं तिला शब्दांची खोली म्हणतात. तिथे ओकुदा-सेन्सेई शिकवतात. साठी उलटलेल्या, आखूड केसांच्या, गुडघ्याला पट्टा बांधून फिरणाऱ्या बाई. त्यांचा एकच नियम: आधी तू मला तुझा शब्द शिकव, मग मी तुला माझा शिकवते. नुपूरनं त्यांना पहिल्यांदा 'पाल' हा शब्द शिकवला, कारण भिंतीवर पाल होती आणि सेन्सेई घाबरल्या होत्या. सेन्सेईंनी तो मुद्दाम चुकीचा म्हटला. नुपूरला राहवलं नाही. आमच्या लोकांना दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करायची संधी मिळाली की मौनव्रतही मोडतं. त्या दिवसापासून नुपूर त्या खोलीत बोलायला लागली. आधी कुजबुजत, मग नीट. खोलीबाहेर अजून नाही, पण खोलीत बोलत होती. जयंतीनं त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगला शिरा वाटला.

नुपूर चौथीत गेली, आणि शरद ऋतूत शाळेतून एक पत्रक आलं. शिक्षकांची कमतरता आहे, सबब पुढच्या वर्षापासून शब्दांची खोली तिसऱ्या शाळेतून हलवून नगरपालिकेजवळच्या पहिल्या शाळेत न्यायचा विचार आहे. मुलांनी आठवड्यातून दोनदा दुपारी ट्रेननं तिथे जायचं. सोबत पालक हवा. निर्णय शिक्षण मंडळ घेईल.

सोबत पालक हवा! भर दुपारी, कामाच्या दिवशी! खोलीतल्या मुलांपैकी एकाची आई, नेपाळी बाई, रेस्टॉरंटमध्ये भांडी घासते, दुसऱ्याची व्हिएतनामी आई कारखान्यात पाळीला असते, जयंतीच्या म्हाताऱ्यांचं जेवण त्याच वेळी. कोण नेणार होतं मुलांना? म्हणजे खोली कागदावर राहणार आणि मुलं मात्र जाणार नाहीत. मी पत्रक वाचलं आणि माझं टाळकंच सरकलं. जयंतीचं वेगळं होतं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "नुपूर परत गप्प होईल." बस, एवढंच.

मग आम्ही ठरवलं, मंडळाच्या बैठकीला जायचं. पत्रकावर लिहिलं होतं की बैठक खुली असते, नागरिक उपस्थित राहू शकतात. खुली म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पुण्यातली पालकसभा. माइक असेल, नसला तर आवाज आहेच. जो आधी उभा राहील आणि शेवटपर्यंत बसणार नाही, त्याचं काम होतं. जयंतीच्या सासूबाई, प्रभावतीकाकू, पुण्याहून व्हिडिओवर म्हणाल्या, "बोलणाऱ्याची बोरंही विकतात बाई, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. जा आणि बोल!" झालं. सुनेला तेवढंच हवं होतं.

आम्ही चौघी गेलो. जयंती आणि मी साड्या नेसून, नेपाळी आणि व्हिएतनामी आई कामावरून तशाच. जयंतीनं रात्रभर खपून भाषण पाठ केलं होतं, आणि हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. मंडळातल्या लोकांसाठी! "तोंड गोड करून मग विषय काढायचा," ती म्हणाली. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर मिझुनो-सान नावाच्या बाई टेबलाशी होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी आम्हा प्रत्येकीला नंबराची एक चिठ्ठी दिली, नियमांचा एक कागद दिला, आणि लाडवांच्या डब्याला खोल वाकून नमस्कार करून तो आमच्याकडेच ठेवायला सांगितला. नियम बारीक अक्षरात, कांजी म्हणजे जपानी चित्रलिपीनं गच्च. जयंती म्हणाली, "नियम सगळीकडे सारखेच. मोबाईल बंद, आरडाओरडा नको." कागद तिनं पर्समध्ये टाकला. मीही टाकला. आम्ही दोघी शहाण्या!

बैठकीची खोली शांत. लांब टेबलाशी पाच माणसं. मधोमध शिक्षणप्रमुख हिराओ-सान, काळा सूट, ओठ मिटलेले. बाजूला चार सभासद: एक निवृत्त मुख्याध्यापक, एक दातांची डॉक्टरीण, पालकांतर्फे नेमलेली एक तरुण आई, आणि टॉवेलच्या कारखान्याचे मालक असलेले एक गोल चेहऱ्याचे आजोबा. भिंतीला लागून आमच्या खुर्च्या. आमच्याशिवाय तिथे कुणीही नव्हतं. एकेक विषय निघायचा, कुणीतरी कागद वाचायचं, हिराओ-सान विचारायचे "हरकत?", बाकीचे म्हणायचे "हरकत नाही", की पुढचा विषय. आमचा विषय आला. अधिकाऱ्यानं कागद वाचला. त्यात ओळ होती की तिसऱ्या शाळेत या खोलीचा लाभ घेऊनही नेहमीच्या वर्गात न बोलणारी मुलं आहेत.

ती ओळ ऐकली मात्र, जयंती उठून उभी राहिली. "माफ करा! मी नुपूरची आई. माझी मुलगी त्या खोलीत बोलते!"

पाचही चेहरे वर झाले. हिराओ-सान हळू आवाजात म्हणाले, "श्रोत्यांनी कृपया शांतता राखावी."

जयंतीला वाटलं, ही आपली सभ्यतेची पद्धत असेल. ती पाठ केलेलं भाषण म्हणत राहिली. त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. तिनं आवाज चढवला. उचलली जीभ लावली टाळ्याला! तिसऱ्यांदा त्यांनी वाक्य बदललं, आणि मिझुनो-सान उठून तिच्या शेजारी येऊन वाकल्या. आम्ही बाहेर जायचं होतं. हाकलून दिलं हो, पण इतक्या अदबीनं की बाहेर येईपर्यंत कळलंच नाही.

कॉरिडॉरमध्ये मी पेटले. पेपरात देऊ, टीव्हीवाल्यांना बोलावू, वकिलातीत जाऊ, तोंडाला येईल ते बोलले. नेपाळी बाई रडायला लागली. जयंती लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती, चेहरा लाल. "माझ्यामुळे घालवलं," ती म्हणाली. "नुपूरचं मीच घालवलं."

बैठक संपल्यावर मिझुनो-सान बाहेर आल्या. त्या आमच्याजवळ बसल्या, चष्मा काढून पुसला, आणि सांगितलं की काही गेलेलं नाही. विषय मार्चपर्यंत पुढे ढकललाय. या देशात बैठकीच्या खुर्चीत बसून कुणाचं मन वळत नाही, तिथे ठरलेलं फक्त उच्चारतात. झाड हलवायचं असेल तर माळी महिने आधी मुळांभोवतीची माती मोकळी करतो, तसं आधी एकेकाकडे जावं लागतं. नेमावाशी म्हणतात त्याला. शहरात राहणारा कुणीही मंडळाला विनंतीअर्ज देऊ शकतो, परदेशीसुद्धा. पण अर्जाआधी माणसं. आणि जाता जाता म्हणाल्या, "आज श्रोते चार, असं मी इतिवृत्तात लिहिणार आहे. मी इथे आल्यापासून दर महिन्याला शून्य लिहितेय. मला बरं वाटलं."

त्या संध्याकाळी जयंतीनं सासूबाईंना सगळं सांगितलं. मी तिथेच होते, न वाटलेले लाडू खात. मला वाटलं, काकू चिडतील. त्या उलट हसायलाच लागल्या. "अगं जयंती, म्हणजे अक्षत द्यायची राहिली तुझी!"

"अक्षत?"

"आपल्याकडे लग्नाचं बोलावणं फोनवरून करतात का? आधी देवाला अक्षत, मग भावकीतल्या थोरल्याला, मग मामाला, मग शेजारी. क्रम चुकला की रुसवे. एकाला वगळलं की तो मांडवात येऊन तोंड वाकडं करणार. तू थेट मांडवात जाऊन बोंब मारलीस. घरोघर जा. मानपान सांभाळ. ते काही वेगळे नाहीत आपल्यापेक्षा."

"आई, पण तुम्हीच म्हणालात ना, बोल म्हणून!"

"बोल म्हटलं, कुठे बोल ते विचारायचं होतंस!"

सासू-सुनेची जुंपली आणि मी तिसरा लाडू घेतला. पण जयंतीच्या डोळ्यांत चमक आली होती. मानपान! त्यात आमच्या बायकांचा हात कोण धरणार? कुणाला आधी विचारायचं, कुणाच्या कानावर घालून मग कुणाला भेटायचं, कुणाला 'तुमच्याशिवाय पान हलत नाही' असं म्हणायचं, हे बाळकडूच असतं.

जयंती आधी तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेली, कारण घरचा थोरला तो. काही मागितलं नाही, फक्त माफी मागितली की आपल्यामुळे शाळेचं नाव निघालं. ते इतके अवघडले की त्यांनीच विचारलं, मी काय करू शकतो? मग पालक संघाच्या अध्यक्ष बाई. मग मोहल्ला समितीचे प्रमुख, ज्यांच्या आई नेमक्या जयंतीच्या वृद्धाश्रमात होत्या आणि जयंतीशिवाय कुणाच्या हातून जेवत नव्हत्या. ते तर अर्ज लिहून द्यायलाच बसले. आणि दर महिन्याला, कामाची पाळी बदलून घेऊन, ती बैठकीला जाऊन त्याच खुर्चीत बसली. मूग गिळून. गटाराच्या झाकणांपासून जलतरण तलावाच्या रंगापर्यंत सगळे विषय तिनं ऐकले. पहिल्या वेळी हिराओ-सान तिला पाहून दचकले म्हणे. पुढच्या वेळी त्यांनी हलकेच मान झुकवली. त्याच्या पुढच्या वेळी मिझुनो-सानच्या नियमांच्या कागदावर कांजीच्या डोक्यावर सोप्या अक्षरांत उच्चार छापलेले होते.

मी विचारलं, "बाई गं, न बोलता बसवतं तरी कसं तुला?"

"आतून जीभ चावते," ती म्हणाली. "पण चारुता, गप्प बसलं ना की कळतं, ती माणसं वाईट नाहीत. त्यांनी खोली पाहिलेलीच नाहीये. कागद पाहिलाय फक्त."

अर्जात म्हणूनच तिनं एकच गोष्ट मागितली. खोली ठेवा असंसुद्धा नाही. निर्णय घेण्याआधी एकदा येऊन त्या खोलीत बसा, एवढंच.

आणि ते आले! संक्रांत नुकतीच झाली होती. ओकुदा-सेन्सेईंनी जयंतीला बजावलं होतं की अनोळखी मोठी माणसं "नाव काय बाळ?" सुरू करतील आणि नुपूरसकट सगळी मुलं कुलूपबंद होतील. त्यावर जयंतीनं जो उपाय काढला, तो तिलाच सुचू शकतो. शब्दांच्या खोलीच्या दाराशी तिनं एक टेबल मांडलं. मी मदतीला, बुटांच्या रॅकपाशी. शिक्षणप्रमुख हिराओ-सान स्लिपर घालून आले, तसं जयंतीनं दोन्ही हातांनी, वाकून, त्यांना नंबराची चिठ्ठी दिली. आणि मुलांनी मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेला नियमांचा कागद. बोलायचं नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत. झोपायचं नाही.

हिराओ-साननी कागद वाचला. जयंतीकडे पाहिलं. मला वाटलं, बाईनं आता सगळंच बुडवलं. पण तो माणूस गंभीरपणे म्हणाला, "समजलं," आणि आत जाऊन भिंतीलगतच्या छोट्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसला. मागोमाग चौघं सभासद. टॉवेलवाले आजोबा इतके हसले की खुर्ची करकरली.

नेपाळहून आणखी एक मुलगी तेव्हा नुकतीच आली होती. इथल्या शाळांत मुलं स्वतः वर्ग पुसतात, आणि तिला फडकं पिळता येत नव्हतं म्हणून तिच्या गटातली मुलं तिच्या हातातून ते काढून घेत. सेन्सेईंनी त्या दिवशी नुपूरला तेच काम दिलं होतं: हिला फडकं पिळायला शिकव, जपानीत. माझी नजर दारातून नुपूरवर. ती भिंतीकडे पाहत होती. पाच मोठी माणसं तिच्याकडे. एक मिनिट गेलं असेल, मला तास वाटला. जयंतीनं माझं मनगट असं धरलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ होते.

मग नेपाळी पोरीनं फडकं उलटंसुलटं पिळलं आणि पाणी सगळं नुपूरच्या पायावर. "असं नाही!" नुपूर म्हणाली. जपानीत, ठसक्यात. "उभं धर. बॅट धरतात तसं. एक हात वर, एक खाली. आता आतल्या बाजूला वळव." आणि गाडी सुटली ती सुटलीच. टॉवेलवाल्या आजोबांचा आयुष्यभराचा धंदा कापडाचा, त्यांना काय राहवतंय! ते पुढे झुकून म्हणाले, "वा, अगदी बरोब..."

नुपूरनं वळून ओठांवर बोट ठेवलं. आणि दुसऱ्या हातानं त्यांच्याकडचा नियमांचा कागद दाखवला.

आजोबांनी तोंडावर हात ठेवला. पालक-सभासद आईनं मान खाली घातली, तिचे खांदे हलत होते. हिराओ-सान सरळ समोर पाहत राहिले, पण त्यांचे कान लाल झाले होते. आणि माझी जयंती दाराआड बसून पदरानं डोळे पुसत होती, एक शब्द न बोलता.

तरी अजून निर्णय व्हायचा होता. खोली आवडणं वेगळं, शिक्षक कमी आहेत हे वेगळं. मार्चच्या बैठकीला शाळेला सुट्टी लागली होती आणि नुपूरनं हट्टच धरला की मी येणार. मुलांना आत सोडायला परवानगी लागते; मिझुनो-साननी ती काढून ठेवली होती. दारात जयंतीनं लेकीला नियम वाचून दाखवले. "काहीही होऊ दे, आत बोलायचं नाही. आईनं एकदा चूक केलीय. कळलं?" नुपूरनं मान हलवली. तिला गप्प बसायला शिकवायची काय गरज, असं माझ्या मनात आलं आणि गलबललं.

या वेळी भिंतीलगतच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मोहल्ला समितीचे प्रमुख, पालक संघाच्या बाई, ओकुदा-सेन्सेई गुडघ्याच्या पट्ट्यासकट, आणि आम्ही. विषय आला. अधिकाऱ्यानं कागद वाचला. टॉवेलवाल्या आजोबांनी हात वर केला. "या कागदात लिहिलंय की तिथे न बोलणारी मुलं आहेत," ते म्हणाले. "मी पाहून आलो. मला त्यातल्याच एकीनं गप्प बसवलं." खोलीत कुणी हसलं नाही, पण हवा सैल झाली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलांना ट्रेननं फिरवायचं ते का? शिक्षकांनी फिरावं. खोली तिसऱ्या शाळेतच राहील, आठवड्यातून दोन दिवस ओकुदा-सेन्सेई पहिल्या शाळेत जातील. सेन्सेईंना ते आधीच विचारलेलं होतं. त्यांनी म्हणे सांगितलं होतं की ट्रेनमध्ये मला झोप छान लागते. मुळांभोवतीची माती अशी आधीच मोकळी झालेली.

हिराओ-साननी विचारलं, "हरकत?"

"हरकत नाही." चारही जणांनी म्हटलं.

"तर असा निर्णय झाला." आणि त्यांनी पान उलटलं.

झालं. इतकंच. ना टाळ्या, ना काही. जयंती खुर्चीत ताठ बसलेली, दोन्ही हात मांडीवर आवळलेले, डोळ्यांतून धार, आणि ओठ गच्च मिटलेले. पुढचा विषय पाण्याच्या नळांचा होता. अधिकारी वाचायला उभा राहिला. त्या शांततेत माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला.

"आरिगातो गोझाइमासु!"

नुपूर उभी होती, आभार मानत. शब्दांच्या खोलीबाहेर, परक्या माणसांसमोर, स्वतःहून. आवाज अगदी आईचा. थांबेल तर शपथ! "मी नुपूर धुमाळ. तिसऱ्या शाळेत चौथीत आहे. एप्रिलपासून पाचवीत जाणार. सेन्सेईंना ट्रेनमध्ये झोप लागली तर स्टेशन जाईल. त्यांना कुणीतरी उठवा!"

ओकुदा-सेन्सेईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. पाचही चेहरे वर झाले, शरद ऋतूतल्या त्या दिवसासारखेच. हिराओ-साननी नुपूरकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे, बराच वेळ. घसा साफ केला. नियम म्हणजे नियम. ते म्हणाले,

"श्रोत्यांनी कृपया शांतता राखावी."

नुपूर खाली बसली. आणि जयंती, जी महिनोन् महिने त्या खुर्चीत एक अक्षर बोलली नव्हती, ती माझ्या कानाशी वाकली आणि हुंदक्यातून, मराठीत, कुजबुजली, "ऐकलंस का गं चारुता? माझ्या पोरीला गप्प बस म्हणाले!"